मोपा ते गॅटविक : किती दूर, किती वेळ

पेडणे तालुक्यातल्या चोपडे गावातून लंडनला जायला किती वेळ लागतो? मोबाइलला विचारले तर तो पापणी लवायच्या आत सांगतो : मोपा विमानतळ ते गॅटविक, साधारण ७,५४० किलोमीटर, सव्वानऊ तास. अंतराचा आकडा चोख आहे. वेळेच्या आकड्यावर मात्र कुणी गाडी ठरवू नये. तो आकडा ज्या सरळ, मोकळ्या, वाराविरहित आभाळातून काढलेला असतो, ते आभाळ पृथ्वीवर कुठेच नाही. गोवा आणि इंग्लंड यांच्या मधे तर अजिबातच नाही.

आधी अंतर पाहू. ते कागद-पेन्सिल घेऊन घरीसुद्धा काढता येते. मोपाची धावपट्टी १५.७ अंश उत्तर अक्षांशाच्या आणि ७३.९ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे. लंडनच्या दक्षिणेकडचा गॅटविक विमानतळ ५१.१ अंश उत्तरेला, ग्रीनिचच्या शून्य रेखांशाच्या किंचित पश्चिमेला. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन ठिकाणांकडे दोन रेषा ओढल्या तर त्यांच्यामधला कोन ६७.८ अंशांचा भरतो. एका अंशात साठ कला, आणि एक कला म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरचा एक सागरी मैल. हे नाते दर्यावर्दी लोकांनी मुद्दामच इतके सोपे ठेवले, आणि वैमानिकांनी ते त्यांच्याकडून जसेच्या तसे उचलले. ६७.८ गुणिले ६० म्हणजे जवळजवळ ४,०७० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. गुणाकार केला की ७,५४० हाती येतात.

हीच दोन ठिकाणे शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टीने जोडली तर वेगळाच रस्ता दिसतो. मर्केटरने १५६९ मध्ये तयार केलेल्या पद्धतीच्या नकाशावर ही रेषा अरबी समुद्र ओलांडून दुबईच्या जवळून जाते, पुढे सीरियाच्या लाटाकिया बंदराशी भूमध्य समुद्र गाठते आणि बोस्नियातल्या सारायेव्होच्या बाजूने इंग्लंडकडे वळते. पृथ्वीगोलावर दोन टोकांना दोरा ताणून धरला तर तो असा पडत नाही. तो बराच उत्तरेला सरकतो. फूटपट्टीचा रस्ता ७,७४० किलोमीटरचा आहे आणि दोऱ्याचा ७,५४० चा. फरक दोनशेच किलोमीटरचा, म्हणजे विमानाच्या हिशेबात पाव तासाच्या आतबाहेरचा.

फरक लहान, पण दोन्ही रस्त्यांखालचे देश निराळे, आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

दोऱ्याखालून जात राहू. मोपाहून निघालेली ही सर्वांत जवळची वाट किनाऱ्यापासून दूर समुद्रावरून वायव्येला जाते. द्वारका उजवीकडे शंभरेक किलोमीटरवर राहते. मकरानच्या किनाऱ्यावरच्या ओरमारा गावापाशी ती पाकिस्तानात, बलुचिस्तानात शिरते. मग आग्नेय इराण, इराणचे मिठाचे वाळवंट, आणि बरोबर अर्ध्या वाटेवर, म्हणजे ३,७७० किलोमीटरवर, आर्मेनिया आणि अझरबैजानचा नाखचिवान प्रांत यांच्या सीमेचा डोंगराळ मुलूख. त्यानंतर जॉर्जियातले बातुमी, काळा समुद्र, क्रिमिया, ओदेसाचा परिसर, मोल्दोव्हा, रुमानिया, आणि तिथून मध्य युरोप ओलांडून इंग्लिश खाडी.

या यादीत गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर न आलेली नावे शोधावी लागतील. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात २०२० मध्ये युद्ध झाले. इराणने १३ जून २०२५ रोजी इस्रायलचे हल्ले सुरू होताच आपले आकाश बंद केले. इराक आणि जॉर्डननेही त्याच दिवशी तेच केले. आणि पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून उडायला बंदी घातली. भारतानेही आठवडाभरात पाकिस्तानी कंपन्यांना तीच वागणूक दिली. म्हणजे गणिताने काढलेल्या सर्वांत जवळच्या वाटेवर भारताची सीमा सोडल्यानंतरचा पहिलाच देश बंद, आणि युरोपात शिरतानाचे दारही बंद.

यात गोव्याचे नशीब दिल्लीपेक्षा बरे. दिल्लीहून लंडनला निघालेले विमान पाकिस्तान टाळायचा म्हटला की आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे, समुद्राकडे खाली उतरते आणि मग पुन्हा वर चढते. हा वळसा शेकडो किलोमीटरचा पडतो. गोवा मुळातच खाली, समुद्राला टेकलेला. मोपाहून निघालेल्या विमानाने ओरमाराऐवजी मस्कतकडे तोंड केले तर मस्कतवरून गॅटविकपर्यंतचा हिशेब ७,६५५ किलोमीटर होतो. जवळच्या वाटेपेक्षा जेमतेम एकशेपंधरा किलोमीटर जास्त. पण मस्कतच्या पुढे आकाश मोकळे असेल तरच हा हिशेब लागू पडतो. इराण आणि इराक दोन्ही टाळायचे तर सौदी अरेबिया, इजिप्त, भूमध्य समुद्र असा दक्षिणेचा फेरा उरतो, आणि त्या अरुंद पट्ट्यात जगभरच्या विमानांची दाटी झालेली असते.

एअर इंडियाने मोपा ते गॅटविक ही थेट सेवा २०२३ च्या जुलैमध्ये सुरू केली होती. आठवड्यातून तीन फेऱ्या, बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमान. जून २०२५ मध्ये कंपनीने ती थांबवली. १२ जूनच्या अहमदाबाद अपघातानंतर विमानांच्या वाढीव तपासण्या चालल्या होत्या आणि पश्चिम आशियातली बंद आकाशे उड्डाणे लांबवत होती. कंपनीने कारणे दिली ती हीच. लांब पल्ल्याची फेरी दीड-दोन तासांनी लांबली तर नुसते इंधनच जास्त जळत नाही. वैमानिकांच्या कामाचे तास ठरलेले असतात, ते ओलांडले जातात. विमान परतीच्या फेरीला उशिरा तयार होते. त्या विमानाची पुढची फेरी कोलमडते. अशा वेळी कंपनी आधी हात घालते ती आठवड्यातून तीन वेळा जाणाऱ्या मार्गाला; रोज जाणाऱ्या दिल्ली-लंडनला नाही.

मोपापासून मोटारीने तासाभराच्या अंतरात मोरजीचा किनारा आहे. चोपड्याहून आगरवाड्यामार्गे तिथे जाताना हॉटेलांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर रशियन अक्षरे दिसू लागतात. हिवाळ्यात तिकडून मोठ्या संख्येने पर्यटक येतात. मॉस्को ते मोपा हे अंतर सुमारे ५,४३० किलोमीटर. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांवर आहे, रशियन विमानावर नाही. त्यामुळे एकाच धावपट्टीवरून उत्तरेला निघालेल्या दोन विमानांची वाट त्यांच्या शेपटीवर कुणाचे चिन्ह रंगवले आहे यावर ठरते. भूगोलाच्या पुस्तकात या गोष्टीला जागा नाही.

गोव्याला हा प्रकार नवा नाही. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी १९५० च्या दशकात बांधला तो नाकेबंदीतून आकाशमार्गे वाट काढण्यासाठीच. स्वतंत्र भारताने गोव्याभोवती आर्थिक वेढा आवळला होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला पत्रादेवीच्या नाक्यावर पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर भारताने उरलेसुरले संबंधही तोडले. मुरगावला येणारी आगगाडी बंद झाली. पोर्तुगीज प्रशासनाने त्याच वर्षी ‘ट्रान्सपोर्तिश आएरिउश दा इंडिया पोर्तुगेझा’ ही स्वतःची विमान कंपनी उभी केली. दाबोळीहून दमण, दीव आणि कराची. सरळ रेषेत दाबोळी ते दमण हे अंतर ५७० किलोमीटर आहे आणि ती रेषा महाराष्ट्राच्या किनाऱ्याला घासून जाते. भारताच्या आकाशात पाऊल टाकायचे नाही म्हटल्यावर विमानांना समुद्रावरूनच जावे लागे. कराची हे बाहेरच्या जगाचे दार होते. २०२५ मध्ये भारतीय विमानांना जे कराचीचे आकाश बंद झाले, तेच १९५५ मध्ये गोव्यातल्या विमानांना उघडे राहिलेले एकमेव मोठे आकाश होते.

त्या कंपनीचा शेवटही अंतराशी आणि धावपट्टीच्या लांबीशी जोडलेला आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. टर्मिनलची इमारत सोडायची असा हुकूम होता. त्या रात्री धावपट्टीचा जेवढा तुकडा वापरता येईल तेवढा घाईघाईने दुरुस्त करून तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने अंधारात उडाली आणि समुद्रावरून कराचीला पोहोचली. १,२७० किलोमीटरचा पल्ला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

विमानाच्या आधीचा काळ थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात हिशेब महिन्यांचाच होता. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला तो २० मे १४९८ रोजी कालिकतला लागला. पुढे गोव्याची पोर्तुगीज गलबते मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडत आणि सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी येत. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्यांना इकडे ढकली. परतायला डिसेंबर-जानेवारीतल्या ईशान्येच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि आफ्रिकेचा वळसा वाचला. भारतीय विमानाची लंडनला पहिली फेरी गेली ती ८ जून १९४८ रोजी मुंबईहून. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेले.

वारा तेव्हाही वेळ ठरवत होता आणि आजही ठरवतो, फक्त आता तो दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतो. ड्रीमलायनरचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास, पण तो हवेच्या तुलनेत. हवाच मागे सरकत असेल तर जमिनीवरचा हिशेब बदलतो. युरोप आणि आशियाच्या मधल्या पट्ट्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले. निष्कर्ष जगापर्यंत पोहोचावेत म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत छापला, आणि त्यामुळे तो जवळजवळ कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून बाँब टाकायला गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हे वारे भोवले, तेव्हा बाकीच्यांना त्यांची नीट ओळख पटली.

लंडनकडे जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. सरासरी ताशी ७० किलोमीटरचा वारा धरला तर मस्कतवरून जाणारी ७,६५५ किलोमीटरची वाट जाताना सव्वानऊ तास घेते आणि येताना आठ तासांच्या आत संपते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि वळसे यांचा वेळ यात अजून धरलेलाच नाही. विमानाला दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणून वेळापत्रकात जाताना दहाच्या आसपास तास दिसतात आणि येताना नऊच्या. हिवाळ्यात हा फरक वाढतो, कारण तेव्हा हे वारे दक्षिणेला सरकतात आणि जोर धरतात.

पावसाळ्यात गोव्याच्या डोक्यावर उलटा प्रकार घडतो. भारतीय हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले की जून ते सप्टेंबर या काळात दक्षिण भारतावर चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जोरदार वारा असतो. हा मोसमी पावसाच्या यंत्रणेचाच भाग. प्रवासी विमाने त्याच्या गाभ्याच्या खालून उडतात, तरी जुलैमध्ये गोव्याहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला सुरुवातीचा टप्पा त्यातल्या त्यात सुखाचा जातो. इराणच्या वर पोहोचले की पश्चिमेचा वारा समोर उभा.

जवळच्या प्रवासात वाऱ्यापेक्षा जमिनीची गंमत जास्त. मोपा ते मुंबई सरळ अंतर ३९० किलोमीटर. हवेत विमान पाऊण तास असते. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून जास्त छापलेले असते. विमान कंपनी वेळ मोजते ती फाटकापासून फाटकापर्यंत : चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते मुक्कामी पुन्हा लावेपर्यंत. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच धड वापरता येते. अलिबागच्या वर दोन घिरट्या, उतरल्यावर जागा रिकामी होण्याची वाट, हे सगळे कंपनीने आधीच छापील वेळेत घातलेले असते. घिरट्या घालाव्या लागल्या नाहीत तर विमान ‘वेळेआधी’ पोहोचते आणि तशी घोषणाही होते. प्रवाशाला वाटते वैमानिकाने जोरात हाकले.

संगणकावरचे अंतर-वेळ सांगणारे कोष्टक या कशाचाही विचार करत नाही. सरळ अंतराला ताशी साडेआठशेहून किंचित जास्त वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, एवढीच त्याची रीत. मुंबईसाठी ते एक तास सांगते, गॅटविकसाठी सव्वानऊ तास. दोन्ही आकडे चुकतात, पण फारसे नाही. बहुतेक वेळा माणसाला तेवढेच हवे असते. वाट जितकी लांब, तितका दोऱ्याच्या रेषेचा फायदा मोठा, हे मात्र या कोष्टकातून कळत नाही. ११ जानेवारी २०२१ रोजी बंगळूरुला उतरलेले एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्कोचे विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व-महिला वैमानिक चमूने उत्तर ध्रुवाच्या बाजूने आणले होते. चौदा हजार किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. भिंतीवरच्या नकाशावर ही वाट वरच्या चौकटीबाहेर जाते.

घड्याळाचा घोळ वेगळाच. दुपारी एक वाजता मोपाहून निघालेले विमान दहा तास उडाले तर उन्हाळ्यातल्या लंडनमध्ये संध्याकाळी साडेसहाला उतरते, कारण तिथले घड्याळ तेव्हा साडेचार तास मागे असते. आजीला वाटते नातू साडेपाच तासांत पोहोचला. परतताना रात्री आठला निघाले आणि नऊ तास उडाले, तरी गोव्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले. प्रवास तासाभराने लहान, आणि दिनदर्शिकेच्या हिशेबाने तब्बल साडेतेरा तासांचा.

आता जमीन. चोपडे शापोरा नदीच्या उत्तर काठावर आहे, समोर बार्देशातली शिवोली. अठराव्या शतकात ही नदी नुसती नदी नव्हती. पलीकडचा बार्देश पोर्तुगिजांकडे, अलीकडचे पेडणे सावंतवाडीच्या भोसल्यांकडे. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांच्या हाती गेले तेव्हा ती सीमा पुसली, पण पाणी राहिले. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल होईपर्यंत फेरीबोटच होती. काठावर गाड्यांची रांग लागायची. एक फेरी सुटली की दुसरी पलीकडून येईपर्यंत थांबायचे, मग लोखंडी फळीवरून एकेक गाडी आत घ्यायची. शेवटची फेरी चुकली तर कोलवाळच्या पुलाचा वळसा. त्या दिवसांत चोपड्याहून दाबोळीला विमान पकडायचे असेल तर माणूस घड्याळ पाहायच्या आधी नदी पाहायचा. नदी ओलांडायची, म्हापसा, मांडवीचा पूल, पणजी, मग झुवारी. सरळ अंतर जेमतेम तीस किलोमीटर, आणि वाटेत तीन नद्या.

दाबोळी नौदलाच्या ‘हंसा’ तळावर आहे आणि सकाळचे काही तास तिथे नौदलाचा सराव चालतो. उत्तर गोव्यासाठी दुसरा विमानतळ हवा या मागणीमागचे हे एक मोठे कारण. जागा ठरली मोपाच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये पायाभरणी केली. पर्यावरण मंजुरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये काम थांबले. २०२० मध्ये न्यायालयाने वाट मोकळी केली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि विमानतळाला मनोहर पर्रीकरांचे नाव मिळाले. ५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून इंडिगोचे पहिले व्यावसायिक विमान उतरले. धावपट्टी साडेतीन किलोमीटरची.

दोन विमानतळांमधले सरळ अंतर चाळीस किलोमीटर आहे आणि कुठलीही कंपनी ते उडत नाही. मोटारीने जायला दीड ते दोन तास. तिकिटावर दाबोळीची खूण ‘जीओआय’ आणि मोपाची ‘जीओएक्स’. शेवटचे अक्षर न वाचणाऱ्याचा खर्च टॅक्सीवाल्याकडे जमा होतो. त्या टॅक्सीचा धंदा स्थानिकांना मिळावा म्हणून पेडण्यात आंदोलनेही झाली. ज्यांच्या गावातल्या जमिनीवर धावपट्टी उभी राहिली त्यांना निदान धावपट्टीपर्यंतचे भाडे मिळावे, ही मागणी रास्तच म्हणायची.

थेट विमान थांबल्यावर लंडनच्या वाटा आखातातून जातात. कतार एअरवेजने २०२४ मध्ये आपली गोव्याची सेवा दाबोळीहून मोपाला हलवली. मोपा ते दोहा २,५४० किलोमीटर, दोहा ते गॅटविक ५,२१५. बेरीज ७,७५५. थेट वाटेपेक्षा सव्वादोनशे किलोमीटरसुद्धा जास्त नाही. दोहा त्या भिंतीवरच्या नकाशाच्या फूटपट्टीपासून फार लांब पडत नाही. आखातातल्या विमानतळांचा सगळा धंदा याच योगायोगावर उभा आहे : भारतातून युरोपला जाणाऱ्याला तिथे थांबायला फारसे वाकडे जावे लागत नाही. वाकडे जाते ते वेळेचे गणित.

लंडनच्या पश्चिमेला स्विंडन नावाचे शहर आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व घेता येते, आणि ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टावर इंग्लंडमध्ये राहून काम करता येत असे. त्या वाटेने गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती स्विंडनला आहे. चोपड्यातून तिथे निघालेल्या माणसाचा हिशेब असा पडतो : मोपापर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर, पाऊण तास. विमानाच्या तीन तास आधी हजेरी. दोह्यापर्यंत चार तास. तिथे तीन तास, तेही जोडफेरी नीट जमली तर. गॅटविकपर्यंत साडेसात तास. पासपोर्ट आणि सामान यांत सव्वा तास. एकूण साडेएकोणीस तास, आणि त्यातले हवेतले साडेअकराच. गॅटविकहून स्विंडनला मोटारीने आणखी दोन तास धरावेत. लंडनभोवतीच्या एम-२५ रस्त्यावर शुक्रवारची संध्याकाळ असेल तर तीन.